करावं मनाचं, पण मन बोलतंय कोणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. कुठे चुकले तर दुरुस्त करा. तुमचं वय एकतीस. घरच्यांनी सुचवलं ते शिक्षण घेतलंत, नोकरी बरी चालली आहे, बोट ठेवून दाखवावं असं दुःख नाही. गेली दोन वर्षं तुम्ही ‘स्वतःवर काम’ करताय : पहाटे उठणं, ध्यान, रोजची डायरी, दोन ऑनलाइन कोर्स. तरीही ‘दुसऱ्याच कोणाचं तरी आयुष्य जगतोय’ असं वाटत राहतं. काही वेगळं बोललात की आई म्हणते, ‘तू बदललास’. मित्र म्हणतात, ‘हल्ली फारच सिरियस झालायस’. मनाचं केलं तर स्वार्थी ठरतो, लोकांचं केलं तर जीव गुदमरतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंत : खरा मी सापडायला हवा असेल, तर या सगळ्यांपासून लांब जाऊ का?

मी बावीस वर्षं समुपदेशन करते. हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यासमोर इतक्यांदा आलाय, की त्याचं तयार उत्तर देण्याचा मोह होतो. तो टाळते, कारण तुम्ही ज्याला प्रश्न म्हणताय त्याच्या अलीकडे आणखी एक प्रश्न आहे आणि तो सुटल्याशिवाय पुढचा सुटत नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असं आपण सहज म्हणून जातो. जन बाहेर, मन आत, दोघांचे आवाज वेगवेगळे, असं त्यात धरूनच चाललेलं असतं. माझ्या खोलीत येणाऱ्या माणसांचं तसं नसतं. त्यांचं मनच मुळी जनांच्या आवाजात बोलत असतं, आणि ते इतक्या वर्षांपासून, की आवाज परका आहे याचा संशयसुद्धा येत नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीच्या एक बाई पहिल्यांदा आल्या. माझ्या खोलीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या आहेत, एक खिडकीशी, एक दाराशी. मी म्हटलं, ‘बसा ना, हवं तिथे.’ त्या उभ्याच राहिल्या. आधी एका खुर्चीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग माझ्याकडे. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘तुम्हाला कुठे बसलेलं चालेल?’ मी म्हटलं, ‘मला दोन्ही चालेल.’ पुन्हा शांतता. शेवटी त्या दाराजवळच्या खुर्चीत अगदी कडेला टेकल्या आणि लगेच विचारलं, ‘इथे ठीक आहे ना?’ या बाई कामाच्या ठिकाणी तीस माणसांचा विभाग सांभाळत होत्या. निर्णय घेता येत नाही, असं त्यांच्याबद्दल कोणीही म्हटलं नसतं. पण ज्या निर्णयाला बरोबर उत्तरच नाही, फक्त स्वतःची पसंती आहे, तिथे त्यांचा हात थांबायचा. आत विचारलं की उत्तर येण्याऐवजी दुसराच प्रश्न यायचा : समोरच्याला काय आवडेल?

तुमचं दुखणं याच जातीचं आहे असं मला वाटतं. तुम्ही स्वतःचा आवाज दाबताय असं नाही. तो ओळखायची सवयच लागलेली नाही. म्हणून ‘मनाचं ऐक’ हा सल्ला तुम्हाला आजवर उपयोगी पडला नाही.

समाजाचा दबाव नेमका कसा काम करतो हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण आपण त्याला फक्त धमकी किंवा टोमणा समजतो. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ पासून अमेरिकेत काही प्रयोग केले. समोर एक रेघ आणि तुलनेला तीन रेघा. बरोबरीची कोणती, एवढंच सांगायचं. एकटं बसवलं तर शंभरात एखादंही उत्तर चुकत नसे. पण खोलीत बाकीचे सगळे आधीच ठरवून एकमताने चुकीचं उत्तर देणारे असले, की साधारण तीनांपैकी एक उत्तर त्यांच्या बाजूने जायचं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं नाकारून गटाची री ओढली. कोणी धमकावलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं.

हा प्रयोग सांगून लोक ‘माणूस मेंढरू असतो’ असं म्हणतात आणि थांबतात. मला त्याचे पुढचे दोन भाग जास्त मोलाचे वाटतात. गटात फक्त एक माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, तर गटाच्या मागे जाणं साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं तेव्हाही ते बरंच घटलं. म्हणजे स्वतःला दिसलेलं धरून ठेवायला पोलादी मन लागतं असं नाही. एक सोबती आणि एक कागद यांनीही खूप फरक पडतो. जे शेवटपर्यंत गटाच्या मागे गेले नाहीत ते सगळे बेफिकीर होते असंही नाही. त्यांतल्या अनेकांना आतून अस्वस्थ वाटतच होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘मला भीती वाटते, म्हणजे माझं मत कच्चं आहे’ असा अर्थ तुमच्यासारखी माणसं काढतात. तसं नसतं. वेगळं बोलताना पोटात गोळा येणारच.

आता तुमच्या त्या दोन वर्षांकडे येते. इथे मला थोडं कडू बोलावं लागेल.

तुम्ही लिहिलंत की पहाटे उठणं चुकलं की दिवसभर स्वतःची लाज वाटते, आणि डायरीत एखादा दिवस रिकामा राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं लिहून काढता. हे वाचून मी थांबले. मला त्यात वाढ दिसली नाही, हजेरीपट दिसला. आधी परीक्षा घेणारे घरचे होते, मग वरिष्ठ, आणि आता तुम्हीच स्वतःचे परीक्षक होऊन बसलात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे दोन मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून माणूस एखादी गोष्ट का करतो याचा अभ्यास करत आले. त्यांनी एक भेद फार नेमका दाखवला. बाहेरून कोणी सांगतंय म्हणून करणं वेगळं. सांगणारा नाही, पण केलं नाही तर लाज किंवा अपराधी वाटेल म्हणून करणं वेगळं. आणि मला पटलंय म्हणून करणं आणखी वेगळं. दुसऱ्या प्रकाराला आपण बहुतेक वेळा ‘शिस्त’ म्हणतो. बाहेरून तो तिसऱ्यासारखाच दिसतो, पण आत माणूस हाकलला जात असतो.

स्वविकास नावाची जी गोष्ट सध्या सगळीकडून आपल्या अंगावर येते, तीही समाजाच्या दबावाचाच एक प्रकार असू शकते. ‘जसा आहेस तसा पुरेसा नाहीस’ हे पूर्वी नातेवाईक म्हणायचे, आता तेच वाक्य प्रेरणादायी आवाजात ऐकू येतं. पहाटे उठण्याला माझी हरकत नाही. मीही उठते. हरकत आहे ती न उठल्याच्या लाजेला.

या भेदातूनच आणखी एक गोष्ट निघते, आणि तुमच्या प्रश्नात ती राहून गेली आहे. स्वतःचं जगणं म्हणजे लोकांपेक्षा वेगळं जगणं नव्हे. घरच्यांना हवी तीच नोकरी तुम्ही मनापासून करू शकता. आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून घेतलेला निर्णयही पूर्ण परका असू शकतो, कारण तो घेतानाही नजर त्यांच्याकडेच होती, फक्त दिशा उलटी. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली याची मांडणी केली : आपलं स्वातंत्र्य कोणी हिरावतंय असं वाटलं, की नेमकी तीच नाकारलेली गोष्ट माणसाला जास्त हवीशी वाटते. हवीशी वाटली, म्हणजे आपली झाली असं नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, एका चुकीतून शिकले. व्यवसायात नवीन असताना माझ्याकडे एक तरुण यायचा. घरचा धंदा नको होता, घुसमट होत होती. मला त्याची इतकी कळकळ वाटली, की प्रत्येक भेटीत मी त्याला बळ देत गेले : तुझं आयुष्य आहे, ठाम राहा. त्याने धंदा सोडला, घरही सोडलं. आठ महिन्यांनी परत आला आणि म्हणाला, ‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आलो नव्हतो. मला धंदा आवडायचा. मला फक्त वडिलांनी एकदा विचारायला हवं होतं.’ त्याने आधी वडिलांचं ऐकलं आणि नंतर माझं. दोन्ही वेळा त्याला काय हवंय हे कोणी नीट ऐकून घेतलं नाही, आणि दुसऱ्या वेळी ते न ऐकणारी मी होते. तेव्हापासून ‘तुझं आयुष्य आहे’ हे वाक्य मी कोणाला म्हणत नाही.

त्यामुळे तुमच्या नोकरीबद्दल, घराबद्दल मी मत देणार नाही. एक प्रश्न मात्र देते. मी तो गेली कित्येक वर्षं वापरते : ही गोष्ट मी केली हे कोणालाही कधीच कळणार नसेल, तर मी ती करेन का? कौतुक नाही, धक्का नाही, कोणाला दाखवून देणं नाही. पहाटे उठण्यापासून नोकरीपर्यंत एकेक गोष्ट या प्रश्नाखालून न्या. काही गोष्टींना लगेच ‘हो’ येईल, आणि तो ‘हो’ शांत असेल. काहींना ‘मग कशाला?’ असं येईल. हा प्रश्न सगळीकडे चालत नाही हेही सांगते. ज्या गोष्टींचा जीवच दुसऱ्या माणसात आहे, जसं आजाऱ्याची सेवा, मैत्री, शिकवणं, तिथे दुसऱ्याला कळणं हा त्या गोष्टीचाच भाग असतो. तिथे प्रश्न बदला : समोरच्याने आभार मानले नाहीत तरी हे मला करायचंय का?

पुढे जाण्याआधी परिस्थितीचं बोलायला हवं, कारण इथे एकच माप सगळ्यांना लागत नाही. तुम्ही पैशाने कोणावर अवलंबून आहात का, तुमच्यावर कोण अवलंबून आहे, घरात मारहाण किंवा धाक आहे का, यावर बरंच ठरतं. धाक असेल तर आत्मशोध नंतर, आधी सुरक्षित जागा आणि भरवशाचं माणूस. तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं तसं असू शकतं. दुसरं, ‘दुसऱ्याचं आयुष्य जगतोय’ ही भावना कधी कधी नैराश्यातूनही येते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच भेटा, आणि तोवर एकटे राहू नका. त्या अवस्थेत ‘खरा मी कोण’ याचं उत्तर शोधायला बसलं, तर आजारच उत्तर देतो.

तसं काही नसेल तर मग वय. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक अशी, की माणूस ठाम असतो, पण शोध न घेताच ठाम झालेला असतो; दुसऱ्यांनी आखलेलं त्याने स्वीकारलेलं असतं. अशी माणसं बरीच वर्षं व्यवस्थित चालतात आणि मग एखाद्या टप्प्यावर अडखळतात. एकतिसाव्या वर्षी तुम्ही अडखळलात, याचा अर्थ काही बिघडलं असा मी घेत नाही. राहिलेला शोध आता सुरू झालाय.

लांब जाऊ का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘बहुतेक नको’ असं आहे, आणि त्याचं कारण मरे बोवेन यांच्या कामात चांगलं सापडतं. हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ. घर हे एकमेकांना बांधलेल्या माणसांचं जाळं म्हणून त्यांनी अभ्यासलं. त्यांच्या मते माणूस किती वाढला हे तो घरापासून किती लांब गेला यावरून कळत नाही. जवळ राहून, बोलणं चालू ठेवून, स्वतःचं मत तो किती धरून ठेवू शकतो, यावरून कळतं. संबंध तोडले की भांडण थांबतं, ओढ थांबत नाही. पुढे जोडीदाराशी, वरिष्ठांशी, मित्रांशी तोच खेळ नव्याने मांडला जातो. काही नाती तोडावीच लागतात, हे मी नाकारत नाही. जिथे छळ आहे तिथे तोडावी. पण ‘आई म्हणते तू बदललास’ हा छळ नाही.

मग करायचं काय? मी तुम्हाला दिवसाचं वेळापत्रक देणार नाही. ते तुमच्याकडे आधीच जास्त आहे. उलट पहिले सहा आठवडे डायरी बंद ठेवा. त्याऐवजी खिशात एक कागद असू द्या. एखाद्या गोष्टीवर चारजण बोलणार असतील, म्हणजे घरातला निर्णय, ऑफिसातली बैठक, मित्रांचा बेत, तर त्यांचं ऐकण्याआधी तुमचं मत एका ओळीत लिहा. ‘मला जायचं नाही.’ ‘मला हा प्रस्ताव घाईचा वाटतो.’ बोलून दाखवायची सक्ती नाही. चर्चेनंतर कागद पाहा. मत बदललं असेल तर स्वतःला विचारा : नवीन माहिती मिळाली म्हणून बदललं, की वातावरण तसं होतं म्हणून? माहितीमुळे बदललं असेल तर ते शहाणपण आहे, त्याची लाज नको. हा फरक एकदा हाताला लागला की ‘लोकांचं ऐकणं’ हे एकच दुखणं राहत नाही, त्याचे दोन भाग होतात आणि त्यातला एकच सोडवायचा उरतो.

त्या खुर्चीवाल्या बाईंनीही हाच कागद वापरला. पहिल्या आठवड्यात त्यांच्या कागदावर सातपैकी पाच वेळा ‘माहीत नाही’ लिहिलेलं होतं. त्या खट्टू झाल्या होत्या. मला बरं वाटलं, कारण इतकी वर्षं त्या ‘माहीत नाही’च्या जागी समोरच्याची पसंती भरत आल्या होत्या. आता ती जागा निदान रिकामी दिसली. तुमच्या कागदावरही असंच येईल. येऊ द्या.

सोबती एकच शोधा, फार नकोत. तुमच्याशी सहमत होणारा नको. तुम्ही काय म्हणताय ते ऐकून मगच स्वतःचं बोलणारा हवा. आणि सुरुवात छोट्या, बिनमहत्त्वाच्या गोष्टींत वेगळं वागून करा. नोकरी सोडण्यापासून करू नका. लोक किती लक्ष ठेवून असतात याचा आपला अंदाज फार चुकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला : विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्याला इतरांच्या खोलीत पाठवलं. चित्र कोणाचं ते जवळपास निम्म्या लोकांना कळलं असेल, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात ते कळलं सुमारे चौघांतल्या एकाला. तुमच्या पहिल्या काही ‘नाहीं’च्या बाबतीतही असंच घडेल. तुम्ही रात्रभर कूस बदलत राहाल आणि समोरचा विसरूनही गेलेला असेल.

घरचे मात्र विसरणार नाहीत. तुम्ही बदललात की त्यांनाही हलावं लागतं, म्हणून ते तुम्हाला जुन्या जागी ओढतात. बोवेन यांच्या परंपरेत हे अगदी अपेक्षित धरलेलं आहे : आधी ‘तू चुकतोयस’, मग ‘पूर्वीसारखा हो’, मग ‘नाहीतर बघ’. यात दुष्टपणा क्वचितच असतो, घाबरणंच जास्त असतं. तुमच्या आईला तिचा मुलगा हातून निसटतोय असं वाटतंय, आणि हे तिला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

म्हणून ती पुढच्या वेळी ‘तू बदललास’ म्हणाली, तर ‘नाही, मी तोच आहे’ असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. ‘हो, आणि बदलायलाच हवं होतं’ असंही नको, त्याने दार लागतं. एवढंच म्हणून पाहा : ‘हो गं, थोडा बदललोय. तुला त्यात काय खटकतं ते सांग, मला ऐकायचंय.’ मग खरोखर ऐका, मध्ये बोलू नका. ती कदाचित रागावेल, कदाचित भलतंच काहीतरी जुनं काढेल. तिचं सगळं सांगून झालं की, पटलं नाही तिथे ‘हे मला वेगळं वाटतं’ असं एकदाच म्हणा, समजावत बसू नका, आणि उठून जाऊ नका. तिथेच बसून राहा, विषय आपोआप दुसरीकडे वळेपर्यंत.